मुलांसाठी पुस्तक निवडताना: गोष्टीतल्या ‘वेगळ्या’ मुलाच्या वाट्याला काय येते?

टिपकागद (धागाकर्ती):

शाळेच्या वाचनकोपऱ्यासाठी चार ते दहा वर्षे वयाच्या मुलांची पुस्तके निवडण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. समानुभूती, सर्वसमावेशकता आणि सामाजिक भान ही निवडीची सूत्रे ठरली आहेत. मात्र पुस्तकांचा गठ्ठा समोर घेऊन बसले की लक्षात येते, मलपृष्ठावर यांपैकी एखादा शब्द छापलेला असणे आणि पुस्तकाच्या पोटात ती गोष्ट खरोखर असणे यांत बरेच अंतर असते.

एक उदाहरण देते. नाव मुद्दाम देत नाही, कारण त्याच साच्यातली पुस्तके पुष्कळ आहेत. एका चित्रकथेत चाकाची खुर्ची वापरणारी मुलगी वर्गात नव्याने येते. सुरुवातीची काही पाने ती एकटी बसलेली दिसते. मग वर्गातील एका मुलाला त्याची आई सगळ्यांशी चांगले वागायला सांगते, दुसऱ्या दिवशी तो तिची खुर्ची ढकलत तिला मैदानावर नेतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि शेवटच्या पानावर मुलगी त्याचे आभार मानते. संपूर्ण पुस्तकात तिच्या तोंडी हे एकच वाक्य आहे. तिला मैदानावर जायचे होते का, आपली खुर्ची दुसऱ्याने ढकललेली तिला चालते का, खेळात तिला कोणती जागा हवी होती, हे तिला कोणीही विचारत नाही. लेखकानेही विचारलेले दिसत नाही. हेतू चांगला आहे, चित्रे सुरेख आहेत, परंतु पुस्तक मिटल्यावर ऐकणाऱ्या मुलाच्या मनात उरते ते हेच की चांगुलपणा करणारे आपण आणि तो पदरात घेणारे ते.

म्हणून मी सध्या एक प्रश्न मुख्य धरून पुस्तके चाळते आहे. गोष्टीत जे मूल इतरांपेक्षा वेगळे म्हणून दाखवले आहे, मग ते शरीराने असो, भाषेने, वर्णाने, घरच्या परिस्थितीने किंवा कुटुंबाच्या रचनेने, त्या मुलाच्या वाट्याला काय येते? त्याला काही हवे असते का, ते स्वतः काही ठरवते का, त्याला राग येतो का, ते कोणाची खोडी काढते का, त्याच्या निर्णयामुळे कथानक पुढे सरकते का? ही कसोटी पुरेशी आहे का, आणि तिच्यातून काय निसटते, याबद्दल जाणकारांनी लिहावे ही विनंती. प्राण्यांच्या गोष्टी, जुनी पुस्तके आणि वयोगट या तीन बाबतींत माझा अजून निर्णय होत नाही.

ग्रंथखूण:

कसोटी योग्य आहे. ग्रंथालयाच्या बालविभागात काम करताना मला तिला एक जोड द्यावीशी वाटते: एकेक पुस्तक तपासण्याबरोबरच संपूर्ण कप्पाही तपासावा. एखादे पुस्तक स्वतंत्रपणे निर्दोष असू शकते, पण एका समाजगटाविषयीची कप्प्यातील सगळी पुस्तके जर हालअपेष्टांचीच असतील, तर त्या गटातील माणसांना हसणे, भांडणे, सुट्टीत कंटाळणे ठाऊकच नसते असा समज मुलांच्या मनात तयार होतो.

नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांनी २००९ मधील आपल्या गाजलेल्या भाषणात हेच सांगितले होते. त्यांच्या लहानपणी घरी कामाला असलेल्या मुलाविषयी आईने त्यांना इतकेच सांगितले होते की त्याचे कुटुंब फार गरीब आहे. पुढे त्याच्या गावी गेल्यावर त्याच्या भावाने रंगीत राफियाची (ताडवर्गीय झाडाच्या पानांच्या धाग्यांची) विणलेली नक्षीदार टोपली त्यांना दाखवण्यात आली आणि त्या चकित झाल्या, कारण त्या घरातील कोणी काही सुंदर घडवू शकेल हे त्यांच्या मनातही आले नव्हते. आईच्या सांगण्यात दुष्टपणा मुळीच नव्हता, उलट कणवच होती. मुलांची पुस्तके निवडणाऱ्याने या प्रसंगाचा विचार जरूर करावा, कारण आपल्या क्षेत्रात द्वेषाने लिहिलेली पुस्तके क्वचितच हाती येतात, मात्र नुसत्या कणवेने लिहिलेली ढिगाने येतात.

याची दुसरी बाजू म्हणजे अपंग व्यक्तीला सतत पराक्रमी दाखवणे. ऑस्ट्रेलियातील विनोदी कलाकार आणि अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या स्टेला यंग यांनी २०१४ मधील भाषणात सांगितले होते की, त्या पंधरा वर्षांच्या असताना एका गृहस्थांनी त्यांचे नाव पुरस्कारासाठी सुचवायचे ठरवले, तेव्हा आईवडिलांनी त्यांच्या लक्षात आणून दिले की मुलीने अजून विशेष असे काही केलेलेच नाही. ती शाळेत जात होती, अभ्यास करत होती, आवडत्या मालिका पाहत होती, एवढेच. नायकाने पर्वत सर केल्याशिवाय किंवा पदक जिंकल्याशिवाय त्याला वर्गात जागा मिळत नाही अशा गोष्टी मी त्यामुळे सावधपणे घेते.

चित्रलिपी:

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतो, त्यामुळे चित्रांपुरतेच लिहितो. लहान मुले मजकुरापूर्वी चित्र वाचतात आणि मोठ्यांच्या नजरेतून सुटलेल्या गोष्टी त्यांना अचूक दिसतात, परंतु निवड करणारे बहुतेक लोक मजकूर वाचून निर्णय घेतात. पुस्तक हाती आले की एकदा मजकुरावर कागद धरून फक्त चित्रे पाहावीत. गर्दीच्या चित्रात कोण पुढे आहे आणि कोण पानाच्या कडेला अर्धे कापले गेले आहे? कोण काम करत आहे आणि कोण नुसते पाहत उभे आहे? नजर कोणाच्या उंचीवरून लावली आहे? चाकाच्या खुर्चीतील मूल प्रत्येक चित्रात वरून पाहिलेले असेल, तर चित्रकार त्या गोष्टीत उभ्या माणसाच्या बाजूने आहे हे समजावे.

साधने हा तर स्वतंत्र विषय आहे. रोज स्वतःची खुर्ची वापरणाऱ्या मुलाची खुर्ची त्याच्या मापाची, हलकी आणि बुटक्या पाठीची असते, आणि मूल मोठ्या चाकांना लागून असलेली कडी हातांनी फिरवत ती चालवते. पुस्तकांत मात्र बहुतेक वेळा रुग्णालयाच्या दारात ठेवलेली जड, मोठ्या माणसाच्या मापाची खुर्ची काढलेली असते, जिच्यात मूल बुडून जाते आणि जी दुसऱ्याने ढकलल्याशिवाय हलणार नाही. चित्रकाराने खुर्ची वापरणारे मूल कधी निरखून पाहिलेले नाही, हे त्या एका तपशिलावरून कळते. श्रवणयंत्र एका पानावर डाव्या कानाला आणि दुसऱ्या पानावर उजव्या कानाला दिसणे, हेही मी छापील पुस्तकांत पाहिले आहे.

त्वचेच्या रंगाबद्दल एक शेरा. एकच चेहरा काढून त्याला पाच छटा देणे म्हणजे विविधता नव्हे. केस, नाक, चेहऱ्याची ठेवण, उभे राहण्याची ढब यांतही माणसे वेगळी असतात आणि घाईने काढलेल्या चित्रात नेमके तेच पुसले जाते.

आडवाट:

सर्वांचा आदर राखून विरोधी सूर लावतो. आपण जी कसोट्यांची जंत्री तयार करत आहोत, तिच्यातून पार पडेल असे पुस्तक निर्दोष असेल, पण ते मुलाला दुसऱ्यांदा वाचावेसे वाटेल का? गोष्ट ही आधी गोष्ट असावी लागते. उपदेशाचा वास मुलांना फार लवकर येतो, आणि तो आला की ती मान डोलावतात आणि खिडकीबाहेर पाहू लागतात. आमच्या घरी ‘भावना’ या विषयावरची एक सुबक मालिका कपाटात पडून आहे. पाने कोरीच्या कोरी. त्याच कप्प्यातील एका खट्याळ, स्वार्थी आणि कमालीच्या विनोदी मुलाच्या पुस्तकाचा मात्र कणा निखळला आहे. मला विचाराल तर दुसऱ्याच्या मनात शिरण्याचा सराव मुलांना त्या दुसऱ्या पुस्तकानेच अधिक दिला, कारण त्या मुलाचा लबाड हिशेब त्यांना त्याच्या आधी कळू लागला होता.

शिवाय शिक्षेची धास्ती घालणाऱ्या बोधकथा आपल्या समजुतीइतक्या उपयोगी पडत नाहीत, हे तपासले गेले आहे. कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या आणि त्यानंतर, पाहू नका असे बजावलेले खेळणे चोरून पाहिले का, हे मुले खरे सांगतात का ते पाहिले. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीने किंवा खोटे बोलल्यावर नाक लांबणाऱ्या लाकडी बाहुल्याच्या गोष्टीने खरे बोलणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. ज्या गोष्टीत झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या मुलाचे वडील त्याच्या खरेपणाचे कौतुक करतात, तिने ते वाढले. आणि त्याच गोष्टीचा शेवट बदलून खोट्याचा वाईट परिणाम दाखवला, तेव्हा तो प्रभाव नाहीसा झाला. म्हणून ‘वेगळ्या मुलाला चिडवले आणि मग अद्दल घडली’ या धर्तीची पुस्तके मी बाजूला ठेवीन.

शंकेखोर:

इतका खल करण्यापेक्षा प्राण्यांच्या गोष्टी निवडाव्यात, असे माझे मत आहे. ससा, हत्ती आणि कासव यांना जात, वर्ण, देश काहीही नसतो, कोणी दुखावत नाही आणि मैत्रीचा धडा सर्वांना सारखाच मिळतो.

मोजपट्टी:

शंकेखोर यांचा मार्ग सोपा वाटतो, पण त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण परिणामाची. टोरंटो विद्यापीठातील निकोल लार्सन, कांग ली आणि पॅट्रिशिया गानेया यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याविषयीची एकच गोष्ट दोन रूपांत वाचून दाखवली. एका रूपात पात्रे माणसे होती, दुसऱ्यात माणसांसारखे कपडे घालून बोलणारे प्राणी. गोष्टीच्या आधी आणि नंतर मुलांना आपल्या स्टिकरांपैकी काही दुसऱ्या मुलासाठी देण्याची संधी होती. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर अधिक स्टिकर दिले. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्या मुलांचा हात उलट आखडला. प्राण्यांच्या गोष्टी निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ मी काढणार नाही, कारण मोजलेली गोष्ट स्टिकरांची आणि त्याच भेटीतली आहे. मात्र प्राण्यांमार्फत दिलेला धडा मूल आपोआप माणसांना लावते, हे गृहीत धरता येत नाही.

दुसरी अडचण जागेची. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राकडे येणाऱ्या पुस्तकांची नोंद १९८५ पासून ठेवली जाते. २०१८ च्या पुस्तकांत सुमारे ५० टक्के पुस्तकांची मुख्य पात्रे गौरवर्णीय होती, सुमारे २७ टक्के पुस्तकांत प्राणी किंवा तत्सम पात्रे होती, आणि आफ्रिकन, आशियाई, लॅटिन अमेरिकी व मूळनिवासी अशा उरलेल्या सर्व गटांना मिळून सुमारे २३ टक्के जागा होती. म्हणजे तिथे ससे आणि अस्वले या सर्व मुलांपेक्षा अधिक पुस्तकांत दिसत होती. कोणाला दुखवायचे नाही म्हणून सगळीकडे प्राणी ठेवले, तर ज्यांना पुस्तकात स्वतःचा चेहरा दिसत नव्हता त्यांना तो तसाच दिसत नाही.

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये लिहिलेल्या लेखात आधीच्या तीन वर्षांत प्रकाशित झालेल्या ५,२०६ बालपुस्तकांचा आढावा घेतला होता. त्यांपैकी मजकुरात किंवा चित्रात एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली पुस्तके ६.७ टक्के निघाली. लेखाचा आरंभ पाच वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीच्या प्रश्नाने होतो: पुस्तकात नेहमी गोरीच मुले का असतात? बालसाहित्याच्या अमेरिकी अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारे म्हटले, त्यामागे हाच अनुभव होता. स्वतःला पाहता यावे म्हणून आरसा, दुसऱ्याचे जग दिसावे म्हणून खिडकी, आणि त्या जगात पाऊल टाकता यावे म्हणून दार. ही प्रतिमा आता सर्वत्र उद्धृत होते, पण बहुतेकांचे बोलणे खिडकीपाशी थांबते. टिपकागद यांनी वर्णन केलेले पुस्तक ही अशीच एक बंद खिडकी आहे.

दुसरी_बाजू:

एरवी मी येथे केवळ वाचते, पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझा मुलगा श्रवणयंत्र वापरतो. तो वर्गात असताना कर्णबधिर मुलाविषयीचे पुस्तक मोठ्याने वाचले जाते तेव्हा काय होते, ते निवड करणाऱ्यांना ठाऊक असावे. दुसऱ्या पानाच्या आत सगळ्या माना त्याच्याकडे वळतात. कोणी वाईट हेतूने वळत नाही. वाचणारी व्यक्ती प्रेमाने त्याला विचारते की तुलाही असेच वाटते का, आणि त्या क्षणी आठ वर्षांच्या मुलावर जगभरातील कर्णबधिरांच्या वतीने उत्तर देण्याची जबाबदारी येऊन पडते. घरी आल्यावर तो म्हणाला, ‘ते पुस्तक चांगले आहे, पण मी नसतो तेव्हा वाचा.’

याउलट त्याचे अत्यंत लाडके पुस्तक म्हणजे एक रहस्यकथा. तिच्यातील मुलीला नीट विचार करायचा असला की ती आपले यंत्र बंद करते, आणि तिचा भाऊ त्यावर वैतागतो, कारण त्याला मध्ये बोलायचे असते. यंत्राची ओळख करून देणारा परिच्छेद पुस्तकात कुठेही नाही. ते पुस्तक वाचून मुलाचे वर्गमित्र त्याला विचारू लागले की तूसुद्धा कंटाळवाण्या तासाला यंत्र बंद करतोस का. पहिल्यांदाच त्या प्रश्नात हेवा होता.

तेव्हा टिपकागद यांच्या कसोटीत एक भर घालावी: पुस्तक त्या मुलाविषयी आहे की त्या मुलासाठीही आहे? ज्याच्या अनुभवावर पुस्तक बेतले आहे ते मूल समोर बसलेले असताना पुस्तक अवघडल्याशिवाय वाचता येईल का?

मोजपट्टी:

दुसरी_बाजू यांच्या अनुभवाला एक पूरक मुद्दा जोडतो, कारण त्यावरून फरकाचा उल्लेखच टाळावा असा निष्कर्ष कोणी काढू नये. लिंडसी कॅमेरॉन आणि ॲडम रटलंड यांनी ब्रिटनमधील पाच ते दहा वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अपंग आणि अपंग नसलेल्या मुलांच्या मैत्रीच्या गोष्टी मुलांना सहा आठवडे, आठवड्यातून एकदा वाचून दाखवण्यात आल्या आणि त्यांवर गटात चर्चा झाली. काही गटांत पात्रांचे व्यक्ती म्हणून वेगळेपण ठसवले होते, तर एका गटात पात्र अपंग आहे हेही स्पष्टपणे आणि पुन्हा पुन्हा समोर ठेवले होते. अपंगांविषयीच्या दृष्टिकोनात सर्वांत चांगला बदल या शेवटच्या गटात दिसला. कारण समजण्याजोगे आहे: गोष्टीतील मैत्रीण मुलाला आवडली, तरी ती कोणत्या गटाची हे मनात नोंदले गेले नसेल तर ती आवड त्या गटातील प्रत्यक्ष माणसांपर्यंत पोहोचत नाही.

ही दोन्ही मते एकमेकांविरुद्ध जात नाहीत असे मला वाटते. रहस्यकथेतील मुलीचे यंत्र लपवलेले नाही, उलट ते कथानकात वापरले आहे. फरक दिसावा, त्याला नाव असावे, पण गोष्टीचा सगळा भार त्याच्यावर नसावा.

टिपकागद:

सर्वांचे मनापासून आभार. प्राण्यांचा प्रश्न माझ्यापुरता सुटला: प्राण्यांची पुस्तके गंमतीसाठी राहतील, समावेशाच्या खात्यात मात्र ती मोजणार नाही. दुसरी_बाजू, वर्गात माना वळतात हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता. आपण लिहिल्याप्रमाणे ‘कोणासमोर वाचायचे’ हाही निवडीचा भाग धरावा लागेल.

वयोगटाविषयी कोणी लिहील का? आणि जुन्या पुस्तकांचे काय करावे? कोपऱ्यात अशी काही पुस्तके आहेत की ज्यांची भाषा अप्रतिम आहे, पण त्यांतील नोकर मूर्ख, काळी माणसे भीतिदायक आणि मुली सदैव खिडकीत उभ्या असतात.

ग्रंथखूण:

वयाबद्दल थोडक्यात लिहिते. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी, अगदी चुकीचीही समजूत असू शकते हे मुलांना साधारण चार वर्षांच्या सुमारास उमगू लागते. हाइन्त्स विमर आणि योसेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये केलेल्या प्रयोगांपासून हा अभ्यासाचा विषय आहे. त्यामुळे त्याआधीच्या वयात चेहरे, भावना आणि रोजचे व्यवहार दाखवणारी साधी पुस्तके पुरेत. चार-पाच वर्षांनंतर एकच प्रसंग दोन पात्रांना वेगवेगळा दिसतो अशा गोष्टी फार उपयोगी ठरतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना न्याय-अन्यायाची तीव्र जाण असते, आणि नियमच चुकीचा असेल तर काय, हा प्रश्न त्यांना पेलतो. त्या वयात त्यांना नुसत्या गोडगोड मैत्रीच्या गोष्टी देणे म्हणजे त्यांना कमी लेखणे होय.

जुन्या पुस्तकांसाठी मी दोन वाटा करते. मूल एकट्याने उचलून वाचेल असा कप्पा वेगळा आणि मोठ्याने सोबत वाचायचा कप्पा वेगळा. ज्या पुस्तकात एखाद्या माणसांच्या गटाची टवाळी हाच विनोदाचा आधार आहे, ते पहिल्या कप्प्यातून मी काढते, कारण पाच वर्षांच्या मुलाला ती टवाळी वस्तुस्थिती वाटते. ज्यात अशी काही पानेच आहेत, ते दुसऱ्या कप्प्यात ठेवते आणि वाचताना त्या पानावर थांबते. मजकूर गुपचूप बदलून वाचणे मला पसंत नाही. मुलांना पुढे मूळ वाक्य सापडते आणि मग फसवल्याची भावना येते.

थांबायचे कसे, याचा नमुना देते. नोकराच्या वेंधळेपणावर सगळे हसतात असे पान आले. ‘हे चूक आहे, असे हसू नये’ असे सांगितले की विषय तिथेच संपतो. त्याऐवजी मी विचारले, ‘या पानावर कोण हसत नाही?’ मुले चित्रावर वाकली. एकीने नोकराच्या चेहऱ्यावर बोट ठेवले. ‘त्याचे नाव काय?’ मुलांनी पाने उलटून शोधले. पुस्तकभर सापडले नाही. एक मुलगा म्हणाला, ‘कुत्र्याचे नाव आहे, त्याचे नाही.’ त्यापुढे मला काही बोलावे लागले नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या संवादी वाचनाचा गाभा असाच आहे: उघडे प्रश्न विचारायचे, मुलाचे उत्तर पुढे न्यायचे आणि हळूहळू गोष्ट मुलाकडूनच ऐकायची. त्यांचा मूळ हेतू भाषाविकासाचा होता, पण ही पद्धत येथेही तंतोतंत उपयोगी पडते.

आडवाट:

नोकराच्या नावाचा प्रसंग वाचून माझा विरोध बराच मावळला, हे नमूद करतो. तरीही सामाजिक भान या शब्दाला आपण पुरेसा न्याय दिलेला नाही. येथपर्यंतची चर्चा मुख्यतः एका मुलाने दुसऱ्याशी कसे वागावे याची आहे. गरिबीवरची बालपुस्तके घ्या. गरीब मूल त्यांत हमखास प्रामाणिक, कष्टाळू आणि हुशार असते, शेवटी कोणी श्रीमंत माणूस त्याचे गुण ओळखतो आणि त्याची फी भरतो. गरीब मूल आळशी किंवा चिडके असेल तर त्याला शाळेत जागा नाही का, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. फी भरता येत नाही म्हणून मूल बाहेर का राहते, हा तर नाहीच. मुलांना हे कळणार नाही असे आपण समजतो, पण रांगेत कोणाला पुढे सोडले आणि कोणाला मागे ठेवले यावर ती किती बारकाईने भांडतात ते पाहा.

म्हणून माझी कसोटी अशी: गोष्टीच्या शेवटी काय बदलले? फक्त एका मुलाचे मन बदलले, की खेळाचा नियमही बदलला? पायऱ्यांशेजारी उतार बांधला गेला का, संघ निवडण्याची पद्धत बदलली का, सूचनाफलक सगळ्यांना वाचता येईल असा झाला का? प्रत्येक पुस्तकात हे हवे असे नाही, पण संपूर्ण कप्प्यात एकही नसेल, तर अन्याय म्हणजे केवळ वाईट वागणूक आणि उपाय म्हणजे केवळ दयाळूपणा, असे मुले शिकतील.

चित्रलिपी:

आडवाट यांच्या कसोटीला अनुमोदन. उतार काढायला कष्ट फारसे पडत नाहीत, परंतु आजवर कोणत्याही संहितेत तो मला सांगितलेला नाही; मीच पार्श्वभूमीत काढून देतो.

मोजपट्टी:

लेखक त्याच समाजातील असावा का, हा प्रश्न कोणीतरी काढेलच, म्हणून लिहून ठेवतो. स्वतः जगलेल्या माणसाने लिहिलेल्या पुस्तकात तपशील खरे असण्याची शक्यता अधिक असते आणि अशा लेखकांना संधी कमी मिळत आली आहे, या दोन कारणांनी कप्प्यात त्यांची पुस्तके असायलाच हवीत. मात्र लेखकाची ओळख ही पुस्तक न वाचता उत्तीर्ण करण्याची सोय होऊ नये. तसेच एखाद्या लेखकाने आपल्या आजाराविषयी किंवा घराविषयी काही उघड केलेले नसेल, तर ते त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार निवड समितीला नाही.

टिपकागद:

आता काम कसे पुढे न्यायचे याचा अंदाज आला. आधी आहे तो कप्पा मोजून घेते: मुख्य पात्रे कोण, प्राणी किती, कोणत्या गटाविषयी एकाच सुराची पुस्तके आहेत. त्यानंतरच नवी निवड. गोष्ट कंटाळवाणी असेल तर बाकी सगळे गुण असूनही ती बाहेर, ही आडवाट यांची अट मान्य. प्रत्येक पुस्तक दोन जणांनी वाचावे आणि त्यांपैकी एक जण शक्यतो त्या अनुभवातून गेलेला असावा, असा प्रयत्न करीन. मात्र त्यांच्याकडून हे काम फुकट आणि गृहीत धरून करून घ्यायचे नाही. एक शेवटची अडचण उरते. ज्या मुलांना छापील अक्षर वाचता येत नाही किंवा पुस्तक हातात धरता येत नाही, त्यांना या कोपऱ्यात काय मिळणार? आतापर्यंत आपण पात्रांविषयीच बोललो, वाचकांविषयी नाही.

ग्रंथखूण:

हा प्रश्न खरे तर पहिला असायला हवा होता. ब्रेल आणि छापील मजकूर एकाच पानावर असलेली, स्पर्शाने वाचायची उठावाची चित्रे असलेली, खुणांच्या भाषेची चित्रे दिलेली, तसेच चिन्हांसह सोप्या वाक्यांत लिहिलेली पुस्तके निघतात, पण ती सहज नजरेस पडत नाहीत. येला लेपमन यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय बालपुस्तक मंडळ अपंग मुलांसाठीच्या आणि त्यांच्याविषयीच्या निवडक पुस्तकांची यादी नियमितपणे प्रसिद्ध करते, आणि त्यांचा संग्रह टोरंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. ती यादी पाहताना ‘अशा मुलांना वाचता येतील’ आणि ‘अशा मुलांविषयी आहेत’ हे दोन विभाग वेगळे धरा, कारण आपल्याकडे दुसऱ्या विभागातील चार पुस्तके घेतली की काम झाले असे समजतात.

स्पर्शाची पुस्तके घेतल्यास ती उभी आणि दाटीवाटीने रचू नका, उठाव दबतात. ती आडवी, मुलाच्या हाताच्या उंचीवर आणि सगळ्यांच्याच कप्प्यात ठेवा. वेगळ्या कपाटात ठेवली की इतर मुले त्यांना हात लावत नाहीत. आणि कोपऱ्यात शिरण्याच्या वाटेवरची ती सतरंजी आधी गुंडाळा, तिच्या काठात खुर्चीची पुढची लहान चाके अडकतात.